इमारतींची उंची वाढली, वस्तीची कधी वाढणार?

वर्धा आणि हिंगणघाट या दोन्ही शहरांच्या मध्यवस्तीत जुनी कौलारू घरे आणि एकमजली दुकाने पाडून बहुमजली संकुले उभी राहत आहेत. खाली दुकाने, वर सदनिका आणि दर्शनी भागावर बिल्डरचा भलामोठा फलक. यावर जी चर्चा होते ती पार्किंग, पाण्याचा दाब आणि बाजारातील गर्दी यांच्यापुढे जात नाही. हे प्रश्न खोटे नाहीत. पण आंबेडकरी चळवळीने याच्यापुढचा प्रश्न विचारला पाहिजे. या वाढत्या शहरात आपल्या माणसाची जागा कोठे आहे?

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शहर वाढणे, माणसे जवळजवळ राहणे, इमारत उंच होणे हे आपले शत्रू नाहीत. वर्धा हा खेड्याचे गोडवे गाणारा जिल्हा म्हणून जगाला माहीत आहे. बाबासाहेबांनी मात्र ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या त्या गोड चित्रावर कठोर प्रहार केला आणि राज्यघटनेचा मूळ घटक खेडे नव्हे तर व्यक्ती आहे, ही भूमिका मांडली. गावकुसाबाहेरच्या माणसाला शाळा, कारखाना, रेल्वे आणि दवाखाना शहरानेच दिला. शहरात माणूस निदान काही काळ तरी आपल्या जातीच्या ओळखीतून सुटतो. म्हणून 'इमारती नकोत' ही आपली मागणी असू शकत नाही. 'इमारतीत आमचा वाटा किती?' हीच आपली मागणी असली पाहिजे.

वर्धा हे आपोआप वाढलेले गाव नाही. १८६२ साली नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या लहानशा गावाच्या जागी इंग्रजांनी आखून हे शहर वसवले. रस्ते सरळ आणि रुंद आखले गेले. त्या रुंद रस्त्यांवरचे भूखंड व्यापारी, वकील, मालगुजार यांच्याकडे गेले. रेल्वेत, जिनिंगमध्ये आणि सफाईच्या कामावर राबणारा कष्टकरी मात्र 'फैला'त आणि नाल्याकाठच्या वस्तीत राहिला. १९२८ साली येथील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले झाले, त्याचा गौरव आजही होतो. देवळाचे दार उघडले, पण रुंद रस्त्यावरचा भूखंड कोणी उघडला नाही. देवदर्शनाने कोणाच्या नावावर सातबारा होत नसतो!

हा इतिहास येथे उगाळण्याचे कारण आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळून महाराष्ट्रभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली. तिचे सूत्र साधे आहे. रस्ता जेवढा रुंद, तेवढे चटईक्षेत्र जास्त. गावठाणाच्या दाट भागासाठी वेगळे नियम आहेत. त्याबाहेर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला अधिमूल्य भरून मिळणारे जादा चटईक्षेत्र मिळत नाही. अग्निशमन दलाची गाडी आत जावी, उजेड-वारा मिळावा, यासाठी असा नियम हवा हे आम्हाला मान्य आहे. पण परिणाम पाहा. ज्यांच्या आजोबांना रुंद रस्ता मिळाला, त्यांच्या नातवाला आज त्याच जमिनीवर आणखी मजले मिळतात. ज्यांच्या आजोबांना दोन हातांची गल्ली मिळाली, त्यांच्या नातवाची जमीन आहे तेवढीच राहते. नियमावलीत जात कोठेही लिहिलेली नाही. ती गल्लीच्या रुंदीत लिहिलेली आहे.

आता आकडे पाहा. २००१ च्या जनगणनेत वर्धा नगरपरिषदेच्या हद्दीत सुमारे १ लाख ११ हजार लोक होते. २०११ मध्ये ते सुमारे १ लाख ६ हजार झाले. याच काळात शहराला चिकटलेल्या पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी, म्हसाळा या गावांत ले-आउटमागून ले-आउट पडत गेले. म्हणजे शहर वाढले, पण हद्दीच्या बाहेर. ज्याला मध्यवस्तीतली किंमत परवडत नाही, तो बाहेर जातो. बाहेर गेलेल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईला, बांधकाम मजुराला, दुकानातल्या पोराला रोज पुन्हा शहरात यावे लागते. ऑटोचे भाडे मात्र त्याच्याच खिशातून जाते.

यात एक राजकीय तोटाही आहे, तो आपले पुढारी कधी बोलून दाखवत नाहीत. नगरपरिषदेत अनुसूचित जातीच्या राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात आणि त्या जातींचे प्रमाण जेथे जास्त, तेथे त्या जातात. वस्ती विखुरली की प्रभाग हातचा जातो. घर जाते, शेजार जातो, विहार ओस पडतो आणि शेवटी सभागृहातला आवाजही जातो. वस्ती उठवणे हे केवळ घर पाडणे नसते.

कोणी म्हणेल, सरकारच्या घरकुल योजना आहेत ना? आहेत. शहरी भागात रमाई आवास योजनेतून अडीच लाख रुपये मिळतात. पंतप्रधान आवास योजनेतही स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्र आणि राज्य मिळून तेवढेच मिळतात. पण दोन्हीकडे पहिली अट एकच, जागा स्वतःच्या नावावर हवी. आपल्या किती वस्त्या नझूलच्या, झुडपी जंगलाच्या किंवा रेल्वेलगतच्या जागेवर आहेत हे वाचकांना सांगायला नको. तीन पिढ्या राहणाऱ्याकडे कराची पावती आहे, विजेचे बिल आहे, पण पट्टा नाही. शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय शासनाने २०१८ मध्ये घेतला. तो निर्णय फाईलमधून वस्तीत आणण्यासाठी मोजणी लागते, नकाशा लागतो, पाठपुरावा लागतो. भाड्याने राहणाऱ्याचे तर कोणत्याच कागदावर नाव नसते.

याच नियमावलीत आणखी एक तरतूद आहे. मोठ्या प्रकल्पात दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी वीस टक्के घरे किंवा भूखंड ठेवण्याची. पण ही सक्ती दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरती आहे. म्हणजे वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील बिल्डरवर असे कोणतेही बंधन नाही. जादा मजले लहान शहरालाही मिळतात, गरिबाचा वाटा मात्र फक्त महानगराला! हा कोणता न्याय?

१ जुलै २०२४ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या कामाविरोधात हजारो अनुयायी उतरले आणि काम थांबवावे लागले. ती समाजाची ताकद होती. पण तोवर खड्डा खणून झाला होता. शहराच्या बाबतीत आपले नेहमी असेच होते. बुलडोझर आला की आपण रस्त्यावर येतो. विकास आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, मुदत संपते, तेव्हा आपण जयंतीच्या वर्गणीत गुंतलेले असतो. जयंती झालीच पाहिजे. पण ज्या महामानवाने कायद्याच्या प्रत्येक कलमावर रात्री जागवल्या, त्याच्या अनुयायांनी आपल्याच वस्तीचा नकाशा वाचू नये?

अनेक वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. निवडून आलेल्या आपल्या नगरसेवकांकडून समाजाला नाल्या आणि सभामंडपापेक्षा अधिक हवे आहे. वीस टक्क्यांची तरतूद लहान शहरांनाही लागू करावी, असा ठराव सभागृहाने करून शासनाकडे पाठवावा. प्रत्येक वस्तीची मोजणी करून पट्टे द्यावेत. वस्तीतील रहिवाशांनी आपली सहकारी गृहनिर्माण संस्था काढून लहान भूखंड एकत्र केले, तर रस्ता रुंद करून त्याच जागेवर सर्वांची पक्की घरे उभी राहू शकतात. त्याला नगरपरिषदेने तांत्रिक मदत द्यावी. नाहीतर हेच एकत्रीकरण उद्या बिल्डर करील आणि आपल्या हातात चार पैसे देऊन आपल्याला हद्दीबाहेर पाठवील.

२०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. आपला माणूस शहराच्या कोणत्या भागात, किती खोल्यांत राहतो, हे तेव्हा कागदावर येईल. त्याआधी आपल्या विहारात निदान दोन कागद लावलेले असावेत, शहराचा विकास आराखडा आणि वस्तीचा मोजणी नकाशा. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी दर रविवारी वंदनेनंतर तासभर बसून ते सर्वांना समजावून सांगावेत. आराखड्यावर हरकत घेण्याची मुदत तीस कुटुंबांना माहीत असेल, तर तीस अर्ज जातील. तीस अर्ज गेले, तर सुनावणी घ्यावीच लागेल.