घरचें आरोग्य : मेंदूची शस्त्रक्रिया व रोग्यास निजविण्याची रीत

मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते धुळ्यास एकमेकांस छेदतात. दुसरा पुढें जळगांवावरून जातो. या रस्त्यांवरील अपघातांत डोक्यास मार लागल्याच्या वार्ता आम्हां खानदेशवासीयांस नव्या नाहींत. धुळ्यास व २०१८ सालीं जळगांवासही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें, तरी दवाखान्याच्या दाराशीं बसलेल्या आप्तांची तळमळ तीच आहे. रोग्यास आंत नेऊन तास लोटला, तरी अद्याप शस्त्र लावलें नाहीं असें कळतांच त्यांचा धीर सुटतो. हा वेळ व्यर्थ जात नाहीं, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

कवटींत जागा मोजकी. मेंदूंतील रक्त मानेच्या शिरांवाटे हृदयाकडे उतरतें. मान फार पिरगळली किंवा हनुवटी छातीस टेकली, तर त्या शिरा दबतात, रक्त तुंबतें व मेंदू फुगतो; मग निष्णात शस्त्रवैद्याचाही हात अडतो. म्हणून डोकें हृदयाहून किंचित् उंच, सुमारें १५ ते ३० अंश ठेवतात, आणि हनुवटी व छाती यांमध्यें दोन बोटांचें अंतर राखतात. डोकें हलूं नये म्हणून पुष्कळदां तें तीन खिळ्यांच्या चिमट्यांत धरतात. मागाहून दिसणारे बारीक व्रण त्याचेच. लहान मेंदूवरील कामास रोग्यास बहुधा कुशीवर किंवा पालथें निजवितात, क्वचित् बसवितात. बसविल्यास उघड्या शिरेंत हवा शिरण्याचें भय असतें. तेव्हां भूल देणारा वैद्य डोळ्यांत तेल घालून पहारा करतो.

शिवाय बेशुद्ध मनुष्यास "हात अवघडला" असें म्हणतां येत नाहीं. कोंपराखालीं गादी नसेल तर तेथील मज्जातंतु दबून बोटें बधिर होतात. पालथ्या रोग्याच्या डोळ्यांवर भार पडल्यास दृष्टीही जाऊं शकते. यास्तव प्रत्येक सांधा तपासून, मगच पुढील काम.

यांत घरच्यांचाही वांटा आहे. मानेचें जुनें दुखणें किंवा आंखडलेला खांदा असल्यास तें आधींच सांगावें. अपघातग्रस्तास उचलतांना डोकें, मान व धड एका रेषेंत ठेवावें. शस्त्रक्रियेनंतर मायेपोटीं उशांवर उशा रचूं नयेत, त्यानें मान मुडपते. खाटेची उशाकडील बाजू किती उचलावी हें वैद्यासच विचारावें. बाहेर बसलेल्यांनीं तो पहिला तास धीरानें काढावा. आंत त्यांच्याच माणसाची काळजी चाललेली असते.