कुटी कुणाची?

जुन्या घराला नाव मिळते ते राहणाऱ्या थोर माणसाचे. ते बांधले कुणी, सारवले कुणी, हे मागे पडते. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची ‘बापू कुटी’च घ्या.

१९३६ साली गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला आले. घराला पाचशे रुपयांहून जास्त खर्च नको, सामान नि कारागीर आसपासचेच हवेत, ही त्यांची अट. त्यातून ‘आदि निवास’ उभा राहिला. एकाच खोलीत सगळ्यांचा वावर! जवळच मीराबेननी स्वतःसाठी माती-बांबूची, कवेलूंची कुटी बांधली. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची ही लेक. मातीच्या भिंतीवर तिने ताडाची झाडे नि मोर उठवले. पुढे माणसे वाढली आणि गांधीजी त्या कुटीत राहायला गेले. व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी आश्रमात टेलिफोनही आला. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले, कारण टपाल दुसऱ्या शेगावला जाई! १९४६ मध्ये गांधीजी गेले, ते परतलेच नाहीत.

कुटी बापूंची खरीच. मला मात्र ती मीराबेनचीही वाटते. मातीचे घर वर्षावर्षाला लिंपावे लागते. बालाघाटच्या खेड्यात काय नि आपल्याकडे काय, हे काम बहुधा बायकांचेच. मराठीत ‘सारवणे’, कन्नडमध्ये ‘सारिसु’. शब्दही सख्खे, हातही सारखेच.

मंडळी, तुमच्या जुन्या घराचा इतिहास लिहाल तेव्हा आजोबांच्या नावाशेजारी त्या हातांचेही नाव लिहा. सांगणारी आजी घरात आहे, तोवरच विचारून घ्या.