कोष्टक आखावे की सांगावे?

कला शाखेचा विद्यार्थी आणि कोष्टक यांचे फारसे सख्य नसते. निबंध लिहा म्हटले की आपण दहा पाने लिहू. पण अर्थशास्त्राच्या प्रकल्पात पाच रकान्यांचे एक कोष्टक काढायचे म्हटले की अंगावर काटा येतो. कोष्टक हे वाणिज्य आणि विज्ञानवाल्यांचे काम, आपले काम शब्दांचे, अशी आपली समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे आणि ती आपल्यासारख्या मुलामुलींना महाग पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉलेजची पायरी चढणारी मी आमच्या घरातली पहिलीच. घरात पुस्तके नव्हती. पण कोष्टके होती. शेताचा सातबारा, रेशनकार्ड, आईच्या बचत गटाची वही, कापूस-सोयाबीन विकल्यावर हाती पडणारी हिशेबपट्टी आणि भिंतीवरचे कॅलेंडर. आमच्यासारख्या घरांशी सरकार, बँक आणि बाजार बोलतात ते रकान्यांतूनच. मग कोष्टक वाचता येणे आणि मांडता येणे ही आपली गरज नाही काय?

सातबाराचेच उदाहरण घ्या. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची ते सांगणारा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही कोष्टकेच. त्यात क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते. शंभर आर म्हणजे एक हेक्टर आणि सुमारे चाळीस आर म्हणजे एक एकर. आता कोणी एका नक्कल यादीत एकाखाली एक १.०५ आणि १.५ असे आकडे लिहिले, आणि दशांशचिन्हे एका ओळीत आली नाहीत, तर साध्या माणसाने काय समजावे? पहिला आकडा एक हेक्टर पाच आर, दुसरा एक हेक्टर पन्नास आर. फरक पंचेचाळीस आरांचा, म्हणजे एक एकराहून जास्त! तो फरक दिसतो की लपतो, हे आकडा कोणत्या जागी बसला यावर ठरते. आणि ही गोष्ट काही केवळ देखणेपणाची नाही.

दोन वर्षांपूर्वी अतिवृष्टीच्या मदतीची एक यादी फळ्यावर लागली होती. माझ्या वडिलांचे नाव लांब, म्हणून ते दोन ओळींत मोडले. रकमेचा रकाना मात्र मोडला नाही. त्यामुळे त्यांच्या खालच्या प्रत्येकाची रक्कम एक ओळ वर सरकली. ज्याचे पाच हजार त्याच्यासमोर तीन, ज्याचे तीन त्याच्यासमोर आठ. लोक भांडले, दोन दिवसांची मजुरी बुडवून चकरा मारल्या. पैसे शेवटी ज्याचे त्याला मिळाले. पण ज्या शेजाऱ्यांत त्या दोन दिवसांत संशय शिरला, त्यांचे बोलणे पूर्ववत व्हायला दिवाळी उजाडली. कोणी लबाडी केली नव्हती. कोणीतरी स्पेसबार दाबत दाबत रकाने जुळवले होते, एवढेच.

इथेच माझ्या विषयाचे मूळ आहे. आपण बहुतेक जण कोष्टक ‘आखतो’. आधी रेघा, मग त्यात मजकूर कोंबणे, मग बसत नाही म्हणून ओढाताण. याहून वेगळी एक रीत आहे. त्या रीतीत कोष्टक आखायचे नसते, सांगायचे असते. अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये मायकेल लेस्क यांनी १९७०च्या दशकात ‘टीबीएल’ नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यावरील त्यांचा अहवाल १९७६ चा आहे, आणि १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो सगळीकडे पोचला. त्याच संस्थेत जो ओसाना यांनी ‘ट्रॉफ’ हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम आधीच तयार केला होता. युनिक्सच्या त्या मंडळींना १९७० मध्ये नवे यंत्र मिळाले, तेही मजकूर जुळवून नीट छापण्याची सोय तयार करण्याच्या बोलीवर. म्हणजे ज्या युनिक्सचा आज एवढा बोलबाला आहे, त्याचे पहिले पोटापाण्याचे काम मजकूर जुळवण्याचे होते, हे आपण कला शाखेवाल्यांनी लक्षात ठेवावे.

ट्रॉफ आणि टीबीएल यांचे नाते कारंजेकरांना चटकन समजेल. गठाण बांधण्याआधी कापसातून सरकी निघावी लागते. आधी जिनिंग, मग प्रेसिंग. टीबीएल हे जिनिंग आहे. आपण लिहिलेल्या साध्या मजकुरात कोष्टक कोठे सुरू होते आणि कोठे संपते याच्या दोन खुणा असतात. तेवढाच भाग टीबीएल उचलतो, रुंद्या मोजतो, आणि ट्रॉफला समजेल अशा भाषेत पुढे ढकलतो. बाकीच्या मजकुराला तो हात लावत नाही. हे सारे माउसशिवाय, काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करून होते.

यातली खरी गंमत कोष्टकाच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळींत आहे. तिथे प्रत्येक रकान्याचा स्वभाव एका इंग्रजी अक्षराने सांगायचा. ‘एल’ म्हणजे मजकूर डावीकडे, ‘आर’ म्हणजे उजवीकडे, ‘सी’ म्हणजे मधोमध, आणि ‘एन’ म्हणजे हा आकड्यांचा रकाना आहे, दशांशचिन्हे एकाखाली एक आण. शीर्षक तीन रकान्यांवर पसरायचे असेल तर ‘सी एस एस’. अनुक्रमांक, नाव आणि क्षेत्र अशी यादी असेल तर ‘आर एल एन’ एवढे लिहून शेवटी एक टिंब द्यायचे. मग खाली ओळीमागून ओळ माहिती भरत जायची. लांब नाव असेल तर ते एका खास खुणेच्या जोडीत ठेवायचे. ते कितीही ओळींत मोडले तरी एकाच घरात राहते, आणि शेजारची रक्कम त्याची त्याच्यापाशी राहते. मध्येच एक माणूस वाढला, तर एक ओळ वाढवायची. रुंद्या पुन्हा मोजणे हे यंत्राचे काम.

माझ्या मते यात मोठा विचार आहे. ‘एल’ की ‘एन’ हे लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे लागते की, या रकान्यात नक्की काय आहे? मोबाइल नंबर हा आकड्यांनी लिहितात, पण त्याची बेरीज कोणी करत नाही. मग तो संख्या की नाव? वय ही संख्या, पण गट क्रमांक ही ओळख. हे प्रश्न अक्षरजुळणीचे नाहीत, तर्काचे आहेत. समाजशास्त्राच्या सर्वेक्षणात आपण जी प्रश्नावली भरतो, तिची अर्धी शिस्त इथेच लागते.

कोणी म्हणेल, पन्नास वर्षांपूर्वीचे हे जुनाट साधन आज कशाला? एक्सेल आहे, मोबाइल आहे. प्रश्न योग्य आहे. बेरीज-वजाबाकीला एक्सेलच बरे. टीबीएल बेरीज करत नाही. पण छापायची यादी ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय लिनक्स असलेल्या बहुतेक संगणकांत हे साधन फुकट आणि आधीपासूनच असते, कारण तिथली मदतीची पाने याच घराण्यातील ‘ग्रॉफ’वर जुळतात. कॉम्प्युटर रूममधले जुने, खुरडत चालणारे यंत्रही त्याला पुरते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. मराठीचे काय? या घराण्यातील नेहमीच्या साधनांत आपली जोडाक्षरे नीट बसत नाहीत, आणि आकड्यांचा रकाना इंग्रजी अंकच ओळखतो. हे मान्य केले पाहिजे. पण देवनागरीसाठी हीच युक्ती दुसऱ्या घरात वापरली गेली. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामसाठी एक पूर्व-प्रोग्राम केला. रोमन अक्षरांत लिहिलेला मजकूर तो आधी देवनागरीत फिरवून देई. पुढे २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचा झीटेक आला आणि थेट देवनागरी टाइप करण्याची सोय झाली. तिथल्या लाटेकच्या कोष्टकांतही रकान्यांचा स्वभाव ‘एल’, ‘सी’, ‘आर’ असाच आधी सांगावा लागतो. तेव्हा टीबीएलवर हात बसवावा आणि मराठी यादी तिकडे करावी. शिकलेले वाया जात नाही.

यादीचे मोल तर आपल्या कारंज्याला कोणी शिकवायला नको. इथल्या जैन भांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते होती. पण विद्वानांच्या जगाला त्यांचा पत्ता मोठ्या प्रमाणावर लागला तो रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांच्या सूचीमुळे. ती १९२६ साली नागपूरहून निघाली. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्रा. हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये आणि ‘करकंडचरिउ’ १९३४ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. अपभ्रंश भाषेच्या अभ्यासात आपल्या गावाचे नाव झाले, त्याच्या मुळाशी कोणीतरी धीराने केलेली एक यादी आहे. ग्रंथ कपाटात होतेच. ते नोंदीत आले तेव्हा जगाला दिसले.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. पहिली प्राध्यापक महोदयांकडे: द्वितीय वर्षाच्या प्रकल्पाआधी चार तासांचे एक कोष्टक-शिबिर घ्यावे, आणि त्यात रकान्याचा स्वभाव ठरवण्यापासून सुरुवात करावी. दुसरी आपल्याच मित्रमैत्रिणींकडे: पुढच्या वार्षिकांकातील गुणवंतांच्या याद्या आपण विद्यार्थ्यांनी स्वतः जुळवाव्यात. आणि सुटीत गावी गेलो की बचत गटाची एखादी वही, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची एखादी यादी नीट मांडून द्यावी.

शिकलेला मुलगा गावात आला की लोक त्याच्यापुढे कागद धरतात आणि विचारतात, ‘पाय बरं बाबू, यात आपलं काय लिवलं हाय?’ तो कागद वाचून दाखवणे हे आपले पहिले कर्तव्य आहेच. पण उद्या तो कागद तयार करणाऱ्या खुर्चीवर आपल्यापैकीच कोणी बसणार आहे. त्या दिवशी कोणाच्या नावापुढे दुसऱ्याची रक्कम सरकू नये, एवढी तयारी आपण आजच करायला काय हरकत आहे?

— बी. ए. द्वितीय वर्ष