काचेआडचे पाणी आणि बोटावरची गाठ



गेल्या पावसाळ्यात एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षक उजव्या हाताच्या बोटावरची गाठ दाखवण्यास दवाखान्यात आले. गाठ जांभळट होती, पण फारशी दुखत नव्हती. साधा पू समजून मी प्रतिजैविक दिले. पुढच्या खेपेस ते बदलले. तिसऱ्या खेपेस मनगटाच्या वर आणखी दोन गाठी दिसल्या. पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता तो प्रश्न मी तेव्हा विचारला, “गुरुजी, या हातांनी घरी काय काय करता?”

“माशांची पेटी धुतो,” ते म्हणाले.

मत्स्यपेटीच्या पाण्यात ‘मायकोबॅक्टेरियम मरायनम’ हा क्षयजंतूच्या कुळातील जंतू असू शकतो. तो खरचटलेल्या त्वचेतून शिरतो आणि बहुधा दोन ते चार आठवड्यांनी गाठ दिसू लागते. नेहमीची आठवडाभराची औषधे त्यास पुरत नाहीत. उपचार काही महिने चालतो. त्वचारोगतज्ज्ञांनी तुकडा तपासून निदान पक्के केले.

मुलाने पेटी काढून टाकण्याचे ठरवले. मग गुरुजी एकटेच आले. त्यांच्या पत्नीस स्मृतिभ्रंश आहे. त्या एका जागी बसून जेवत नाहीत. पेटीसमोर ताट ठेवले, की माशांकडे पाहत चार घास जातात. हे ऐकून मला नवल वाटले नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2002 साली अल्झायमरच्या रुग्णांच्या भोजनगृहात मत्स्यपेट्या ठेवल्या असता त्यांचा आहार वाढल्याचे नोंदवले आहे. मी मुलाला बोलावून सांगितले, “पेटी राहू द्या, पद्धत बदला.”

आपल्याही घरी मत्स्यपेटी आणण्याचा विचार असेल, तर तीच पद्धत सांगतो.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे 55 लिटर पाणी मावते. म्हणजे काच व वाळू सोडून 55 किलो भार. तिला भक्कम, सपाट आधार हवा आणि बसल्या जागेवरून ती दिसावयास हवी. नळाच्या पाण्यातील क्लोरिन माशांना घातक असते. ते काढणारे थेंब दुकानात मिळतात. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे उपयुक्त जंतू गाळणीत वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी मासे भरू नका. पुढेही सगळे पाणी एकदम बदलू नये. आठवड्यास चौथा हिस्सा पुरे. गाळणीचा स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा.

आता आपल्या देहाची काळजी. हातावर जखम असेल, तर पाण्यात हात घालू नये. एरवीही लांब हातमोजे घालावेत. मधुमेही आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये. बादली अर्धीच भरावी आणि फरशी लगेच पुसावी; या वयात घसरणे गाठीहून महाग पडते. हात घालण्यापूर्वी हीटर व पंप बंद करावेत. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन सोडावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत जात नाही.

प्रवाळांची खाऱ्या पाण्याची पेटी फार देखणी असते. परंतु नवशिक्या ज्येष्ठांना मी ती सुचवत नाही. तिच्यात क्षाराचे प्रमाण नेमके राखावे लागते. काही मऊ प्रवाळसदृश जिवांत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते. तसे जीव असलेला दगड उकळत्या पाण्याने धुतल्यास वाफेतून श्वासाचा गंभीर त्रास होतो. शिवाय खडक रचणारी प्रवाळे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत; आपल्या समुद्रातून ती काढणे गुन्हा आहे.

गुरुजींच्या गाठी पाच महिन्यांनी विरल्या. पाणी आता मुलगा बदलतो आणि गुरुजी शेजारी बसून सूचना देतात. ताट अजून पेटीसमोरच मांडले जाते.

आपल्या घरी मासे असतील आणि बोटावरची गाठ तीन आठवड्यांत बरी होत नसेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका, आपणच सांगा. मलाही ते कोणी सांगावयास हवे होते.