छप्पर उघडणारे चौघे कुठे गेले?

मंडळी, या वीकेंडला कोडबिड काही नाही. एक विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, तो आज ओकून टाकतो.

मी मराठी ख्रिस्ती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे रविवारी मोठ्यांची उपासना असते आणि पोरांची शब्बाथशाळा, म्हणजेच संडे स्कूल. गाणी, गोष्टी, तोंडपाठ वचनं, नाताळचं नाटक. धमाल असते. पण कुणाची? एका जागी बसणाऱ्या आणि घडाघडा पाठ म्हणणाऱ्यांची. एखादा स्वमग्न मुलगा माइकच्या आवाजाने कान झाकून ओरडायला लागला, की पाच मिनिटांत निरोप येतो, "ताई, त्याला जरा बाहेर घेऊन बसता का?" ताई बसते. दोन-चार रविवार बसते, मग यायचीच बंद होते. आणि आम्ही म्हणतो, ते कुटुंब हल्ली दिसत नाही, प्रार्थनेत आठवण ठेवा!

राग येतो तो एवढ्यासाठी, की हे काम आम्हाला नवीन नाही. मुंबईत कर्णबधिर मुलांची पहिली शाळा १८८० च्या दशकात बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने निघाली. अंध मुलांची देशातली पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. म्हणजे वेगळी शाळा बांधून देणं आम्हाला जमतं. शेजारच्या बाकावर बसवून घेणं जमत नाही. पहिल्यात आपण दाते असतो ना! दुसऱ्यात आपल्याला सरकून जागा करून द्यावी लागते.

नेहमीची तीन उत्तरं मला पाठ आहेत.

"आमच्याकडे ट्रेन्ड माणसं नाहीत." अहो, त्या मुलाची आई चोवीस तास ट्रेन्ड आहे, तिला विचारा की! आधी काय, नंतर काय हे चित्रांनी दाखवणारा एक तक्ता. स्पीकरपासून लांब एक शांत कोपरा. सोबतीला एक मोठा दादा किंवा ताई. दृष्टिहीन मुलीच्या हातात गोष्टीतलं मातीचं कोकरू. व्हीलचेअर असेल तर वर्ग तळमजल्यावर. नाताळच्या रोषणाईचं बजेट आठवा आणि सांगा, यातलं परवडत नाही ते काय?

"बाकीच्या मुलांना त्रास होतो." मोठ्यांना होतो. मुलांना एकदा नीट सांगितलं की पुरतं. उलट 'शेजाऱ्यावर प्रीती करा' हे वचन पाठ करून घेताना शेजारीच वर्गाबाहेर बसवला, तर मुलं वचन विसरतील आणि तेवढं बरोबर शिकतील.

"आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करतो." करा. पण शुभवर्तमानात एका जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. तरी आमच्यातले काही काका डोक्यावर हात ठेवून आईबापांकडून पश्चात्ताप करवून घेतातच. ही प्रार्थना नाही, आरोप आहे.

आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. ज्या युजरचा विचार केला नाही त्याला 'एज केस' म्हणायचं आणि पुढच्या रिलीजला ढकलायचं. चर्च तेच करतं, फक्त पुढचा रिलीज कधी येत नाही. सरकारनेसुद्धा १९९५ च्या कायद्यातले अपंगत्वाचे ७ प्रकार २०१६ च्या कायद्यात २१ केले. कॅथलिकांच्या १९८३ च्या धर्मसंहितेत कलम ७७७ स्पष्ट सांगतं, की शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेल्यांनाही त्यांच्या परीने धर्मशिक्षण मिळेल हे धर्मगुरूने पाहायचं आहे. म्हणजे रिक्वायरमेंट लिहिलेली आहे, घोडं अडलंय ते अंमलबजावणीत. आणि प्रोटेस्टंटांनो, आपल्या पंच कमिटीच्या मिटिंगमध्ये हा विषय शेवटचा कधी निघाला होता?

बिगर-ख्रिस्ती वाचकहो, हसू नका. तुमच्या सोसायटीच्या गणपतीत स्टेजवर कोण चढतं आणि कोण खालीच राहतं, तेही एकदा बघून घ्या.

मार्काच्या शुभवर्तमानात चार जण एका पक्षघाती माणसाला खाटेवर घेऊन येतात. दारात गर्दी, आत शिरायला जागा नाही. तेव्हा ते त्याला बाहेर बसवत नाहीत, सरळ घराचं छप्पर उघडतात. ही गोष्ट आम्ही दरवर्षी शब्बाथशाळेत शिकवतो. चित्रं रंगवून घेतो, बक्षिसंही देतो. पाळकसाहेब, छप्पर राहू द्या. दार तेवढं उघडा.