यंत्र जमत नाही, म्हणून उपचारच सोडायचे?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या घरांत घोरण्याला अजूनही कोणी आजार मानत नाही. ‘दिवसभर दमतात, म्हणून गाढ झोपतात’ असे बायको सांगते. ‘यांच्या वडिलांचंही असंच होतं’ अशी पुस्ती सासूबाई जोडतात. हा समज आधी खोडून काढला पाहिजे. घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, दहा-पंधरा सेकंद काहीच ऐकू येत नाही आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेऊन माणूस कूस बदलतो, ही गाढ झोप नव्हेच. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि पडजीभ मागे सरकून श्वासाची वाट बुजते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि श्वास पुन्हा सुरू करायला मेंदूला दर वेळी झोप मोडावी लागते. तासाला असे ५ ते १५ अडथळे म्हणजे आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. यातूनच रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो आणि गाडी चालवताना डोळा लागतो.

हे मूठभर लठ्ठ माणसांचे दुखणे आहे, असेही कोणी म्हणू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेले ३५ ते ६५ वयाचे पुरुष तपासले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वासाचे अडथळे आढळले आणि दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण आजार ७.५ टक्क्यांना. हे लोक आजारी म्हणून आलेलेच नव्हते.

आता उपचाराकडे. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत १९८१ मध्ये पुढे आणले. तीव्र आजारात त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पुढच्या वाक्याशी: ‘सीपॅप हाच उपचार, बाकी दातांच्या पट्ट्या म्हणजे वेळकाढूपणा.’ हे म्हणणारे रुग्णाच्या घरात डोकावत नाहीत. वन रूम किचनमध्ये पाच माणसे झोपतात, रात्री वीज गेली की यंत्र बंद पडते, मास्कने नाक सोलवटते आणि पहाटेची लोकल गाठायची असते. महिनाभरात यंत्र माळ्यावर जाते. त्यानंतर त्या माणसावर कोणताच उपचार चालू नसतो, आणि तरीही कागदोपत्री त्याला सर्वोत्तम उपचार मिळालेला असतो!

दाताच्या पट्टीचे काम साधे आहे. वरच्या आणि खालच्या दातांचे माप घेतात, रुग्णाला खालचा जबडा पुढे काढायला लावून तो किती सरकतो हे मोजतात आणि साधारण त्याच्या निम्म्यावर मेणात चावा घेतात. त्यावरून लॅबमध्ये ॲक्रिलिकच्या दोन पट्ट्या बनतात. दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू असतो. किल्लीने तो थोडा थोडा फिरवत जबडा काही आठवड्यांत हळूहळू पुढे आणतात. जबड्याबरोबर जीभ पुढे येते आणि घसा उघडा राहतो. वीज लागत नाही, आवाज नाही, खिशात मावते.

ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मध्यम आणि तीव्र आजाराच्या रुग्णांनी दोन्ही उपचार महिना-महिनाभर वापरले. सीपॅपवर अडथळे तासाला ४.५ पर्यंत उतरले, पट्टीवर ११.१ पर्यंत. म्हणजे यंत्र सरसच. पण रुग्ण पट्टी रात्री साडेसहा तास वापरत होते आणि यंत्र ५.२ तास, रक्तदाबाच्या बाबतीत पट्टी यंत्राहून कमी ठरली नाही. ज्यांना सीपॅप सहन होत नाही किंवा नको असते, त्यांच्यासाठी पट्टीचा विचार करावा, असे अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या आणि दंतवैद्यांच्या संघटनांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे सांगितले आहे.

याचा अर्थ ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात बुडवून चावायची पट्टी मागवावी असा मुळीच नाही. ती सहसा दातांवर नीट बसत नाही, जबडा मोजून पुढे सरकवता येत नाही. शिवाय घोरण्याचा आवाज कमी झाला तरी श्वास थांबणे चालूच राहू शकते. घरच्यांना वाटते बरे झाले, आणि आजार आत तसाच. झोपेची तपासणी (स्लीप स्टडी) न करताच पट्टी हातात ठेवणाऱ्या दंतवैद्यांनाही हाच आक्षेप लागू आहे. आजाराचे निदान डॉक्टरने करायचे, पट्टी दंतवैद्याने बसवायची, आणि ती बसल्यावर पुन्हा झोपेची तपासणी व्हायची. ही दुसरी तपासणी सहसा टाळली जाते आणि तिथेच घात होतो.

पट्टीला मर्यादा आहेत. हिरड्या कमजोर होऊन दात हलत असतील, पूर्ण कवळी असेल, जबड्याचा सांधा दुखत असेल तर ती बहुधा चालत नाही. तंबाखूने हिरड्या खराब झालेले तोंड आपल्याकडे कमी नाही. सुरुवातीला लाळ सुटते, सकाळी जबडा आखडतो. वर्षानुवर्षांच्या वापराने दातांची चावण्याची जुळणी थोडी बदलू शकते, म्हणून दंतवैद्याकडे नियमित जावे लागते. पण झोपेत श्वास कोंडत राहण्यापुढे दातांचा हा बदल मी गौण मानतो.

डोंबिवलीत गल्लोगल्ली दातांचे दवाखाने आहेत. त्यांतल्या प्रत्येकाने खुर्चीवर बसलेल्या रुग्णाला घोरण्याबद्दल आणि दिवसा येणाऱ्या झोपेबद्दल दोन प्रश्न विचारले, तरी कितीतरी रुग्ण वेळेवर तपासणीपर्यंत पोहोचतील. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी आपल्या रुग्णालयांत छातीच्या आणि दातांच्या डॉक्टरांची एकत्र ओपीडी आठवड्यातून एक दिवस चालवावी. आणि वाचकहो, तुमच्या घरातले यंत्र माळ्यावर गेले असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे परत जा आणि दाताच्या पट्टीबद्दल स्पष्ट विचारा.