जयंती चालू, विद्यालय बंद!

जळोचीच्या बौद्ध बंधुभगिनींनो,

१ जुलै १९५६ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणाचे प्रशिक्षण देणारे विद्यालय उघडले. विद्यार्थी अवघे पंधरा. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, मार्च १९५७ मध्ये ते बंद पडले. जयंतीच्या मंडपांत मात्र आपण खंड पडू दिला नाही!

धर्मांतराने अनुसूचित जातींच्या सवलती जातात, ही भीती १९९० च्या दुरुस्तीने संपली. परंतु वस्तीसाठी किती निधी ठरला व किती खर्चला, हे अंदाजपत्रकातून काढणारे आपल्यांत किती? आम्हां वकिलांकडे लोक येतात ते हक्क बुडाल्यावर!

पुणे विद्यापीठाने सार्वजनिक धोरण व संस्थांचा कारभार शिकवावा. केवळ फळ्यावर नव्हे, बारामती नगरपरिषदेचे ठराव व जमाखर्च हाती देऊन. आणि पदवी नसलेल्या भगिनींनाही. या मागणीच्या अर्जावर विहारातील प्रत्येक घराची सही हवी.